अंगावरचं पुरळ गेलं, मग लिव्हर का बिघडलंय?

प्रश्न लांबलचक होता, त्याचा गोषवारा असा. आई बार्शीला असतात, वय ५४. गालात विजेसारखी कळ जायची म्हणून कार्बामाझेपीन सुरू झालं. २६व्या दिवशी सडकून ताप, चेहरा सुजला, अंगभर लाल पुरळ. सुरुवातीला गोवर समजून तीन दिवस गेले, अँटिबायोटिकही झालं. मग सोलापूरला भरती. एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना मार बसला की रक्तात वाढणारं एन्झाइम) ७८०, बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) ३.२, इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १४ टक्के. निदान ‘ड्रेस’, म्हणजे औषधाची उशिरा येणारी, आतल्या अवयवांनाही झळ पोचवणारी ॲलर्जी. स्टिरॉइड सुरू केल्यावर ताप दोन दिवसांत गेला, आठव्या दिवशी घरी सोडलं. पुरळ विरलं, कातडी सोलून नवी आली, एसजीपीटी २१०वर आलं. आणि आता, तिसऱ्या आठवड्यात, तेच एसजीपीटी ४६०. मुलगा विचारतो: त्वचा बरी झाली, मग लिव्हर का बिघडलं? ते कायमचं गेलं का? नातेवाईक काविळीचं गावठी औषध आणून बसलेत, ते द्यावं का? कळ परत सुरू झाली म्हणून एका ठिकाणी ऑक्सकार्बाझेपीन लिहून दिलंय, ते चालेल का? आणि मला स्वतःला धोका आहे का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते आजच्या आज लागणार आहे. ऑक्सकार्बाझेपीन देऊ नका. आणलं असेल तर स्ट्रिप घरात ठेवूही नका. ते कार्बामाझेपीनचं सख्खं भावंड आहे. कार्बामाझेपीनची ॲलर्जी असलेल्या साधारण चारांतल्या एकाला ऑक्सकार्बाझेपीननेही तसाच त्रास होतो. फेनिटोइन, फिनोबार्बिटोन, लॅमोट्रिजीन ही फिटची औषधंही त्याच गोतावळ्यातली, तीही बाद. लिव्हर या अवस्थेत असताना व्हॅल्प्रोएटही नको, त्याचा बोजा थेट लिव्हरवरच पडतो. कळ असह्य आहे हे मला कळतं, हा आजार झालेली माणसं दात घासायला आणि घास चावायलाही घाबरतात. त्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, बॅक्लोफेन असे मार्ग आहेत. पहिली दोन जवळजवळ संपूर्ण मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, लिव्हरला त्यांची फारशी तोशीस नाही. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी, बघून डोस ठरतो, तो न्यूरॉलॉजिस्टला ठरवू द्या. गोळ्यांनी भागलंच नाही तर नसेवरचा दाब काढायची शस्त्रक्रियाही असते, पण ती चर्चा लिव्हर शांत झाल्यावर.

आता मूळ दुखण्याकडे. ‘औषधाची ॲलर्जी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर इंजेक्शन टोचल्याबरोबर उठलेल्या गांधी येतात. ही ॲलर्जी तशी नाही. ही दोन ते आठ आठवडे दबा धरून बसते. गोळी महिनाभर निमूट पचते, आणि म्हणूनच ताप आला की गोळीवर कुणाचा संशय जात नाही. माझ्याकडे असा पेशंट आला की मी आधी अंग बघत नाही, आधी दिवस मोजते. एका बाईंच्या सुनेने घरून कॅलेंडरच काढून आणलं होतं. दुधाच्या हिशेबाच्या चौकोनात एका तारखेला ‘आईंची नवी गोळी’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. तिथून बोट सरकवत गेलो तर तापाचा दिवस ३१वा. बायोप्सीने जेवढं कळलं नसतं तेवढं त्या पानाने सांगितलं.

‘ड्रेस’ हे नाव १९९६ साली फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांनी सुचवलं. औषधाची रिॲक्शन, रक्तात वाढलेले इओसिनोफिल आणि आतल्या अवयवांना लागलेली झळ, या तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून ते बनलंय. आईंच्या पांढऱ्या पेशी ११,२०० होत्या असं तुम्ही लिहिलंय. त्याचे १४ टक्के म्हणजे १५६८ इओसिनोफिल. १५००च्या पुढे गेले की निदानाच्या गुणांकनात जास्तीचे गुण मिळतात, त्यामुळे निदानाबद्दल मला शंका नाही. चेहऱ्याची सूज, कानाच्या पाळ्या जाड होणं, मानेत गाठी, हे सगळं त्याच चित्रातलं. गोवराशी गल्लत होणं अगदी स्वाभाविक आहे. पावसाळ्यात आमच्याकडे तर डेंगी, लेप्टो आणि स्क्रब टायफस यांच्या गर्दीत हे निदान हरवून जातं, कारण ताप, पुरळ आणि वाढलेलं एसजीपीटी त्या तिघांतही दिसू शकतं. पहिल्या डॉक्टरांवर फार रागावू नका. त्या तीन दिवसांत गोळी चालू राहिली याचं मात्र वाईट वाटतं, कारण या आजारातला सगळ्यात मोठा उपचार म्हणजे गोळी थांबवणं, आणि त्याला एका दिवसाचाही उशीर महागात पडतो.

आतल्या अवयवांत सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते लिव्हर. ड्रेसच्या बहुतेक पेशंटांत ते कमीजास्त सुजलेलं असतंच. कारण कार्बामाझेपीनची मोडतोड होते तीच लिव्हरमध्ये. त्या मोडतोडीत मधल्या टप्प्यावर काही चिकट, आक्रमक तुकडे तयार होतात आणि ते लिव्हरच्या पेशींतल्या प्रथिनांना जाऊन डकतात. ज्यांच्या पेशींवर विशिष्ट एचएलए खुणा (आपलं-परकं ओळखायच्या, जन्मजात) आहेत त्यांच्या शरीरातल्या टी-पेशींना, म्हणजे प्रतिकाराच्या पांढऱ्या पेशींना, हे डकवलेलं प्रथिन परकं वाटतं. त्यांची फौज तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून ही उशिरा येणारी ॲलर्जी. एकदा फौज तयार झाली की मात्र ती विसरत नाही. पुढच्या वेळी तीच गोळी चुकून पोटात गेली तर काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, सगळं पुन्हा आणि जास्त जोरात होतं.

मग त्वचा बरी होऊन लिव्हर पुन्हा का चिडलं? दोन कारणं संभवतात आणि बहुधा दोन्ही हातात हात घालून आलीत. लहानपणी जवळजवळ प्रत्येकाला होऊन गेलेला एक हर्पिस जातीचा विषाणू, एचएचव्ही-६, आयुष्यभर शरीरात झोपून असतो. ड्रेसमध्ये दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या सुमाराला तो जागा होतो. गोळी कधीच बंद झालेली असते, पुरळ मावळतीला लागलेलं असतं, आणि अशा वेळी ताप किंवा लिव्हर पुन्हा उचल खातं. हा या आजाराचा स्वभाव आहे, आधीच्या उपचारातली चूक असेलच असं नाही. दुसरं कारण, स्टिरॉइड. तुमच्या पत्रावरून ४० मिलिग्रॅमचं १० मिलिग्रॅम दोन आठवड्यांत झालं. माझ्या मते हे फार भरभर उतरलं. लिव्हरला इतकी झळ पोचलेल्या ड्रेसमध्ये आम्ही प्रेडनिसोलोन वजनाच्या किलोमागे रोजी अर्धा ते एक मिलिग्रॅम देतो आणि दोन-तीन महिने घेऊन हळूहळू उतरवतो, कधी त्याहूनही जास्त. त्वचा बघून डोस कमी केला की लिव्हर मागे राहतं.

हा डोस तुम्ही घरी परस्पर वाढवू नका. मी आईंना तपासलेलं नाही. हा कागद घेऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे उद्याच जा आणि ‘डोस फार लवकर उतरला का?’ असं सरळ विचारा. डोस वाढवण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झाली होती का तेही विचारा. झाली नसेल तर करून घ्या. तो विषाणू आत लपलेला असेल तर स्टिरॉइडच्या आडून तो उसळतो आणि मग लिव्हर कोणामुळे बिघडलं याचा पत्ता लागत नाही. हिपॅटायटिस ए आणि ई हेही नाकारलेलं बरं. आपल्याकडच्या पाण्यामुळे तो योगायोग काही दुर्मीळ नाही.

आता रिपोर्ट वाचायचा कसा ते सांगते, कारण सगळं घर एसजीपीटीकडे डोळे लावून बसलंय असं दिसतं. एसजीपीटी म्हणजे फुटलेल्या पेशींतून सांडलेला माल. किती सांडलं ते त्यातून कळतं, दुकान चालू आहे की नाही ते कळत नाही. लिव्हरचं काम कसं चाललंय ते बिलिरुबिन आणि त्याहूनही जास्त आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, सांगतो, कारण रक्त गोठवणारी प्रथिनं लिव्हर रोज नव्याने बनवतं. आईंच्या पहिल्या रिपोर्टचा हिशेब करू. एसजीपीटी ७८०, सामान्य मर्यादा ४०, म्हणजे साडेएकोणीस पट. अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्ताची वाट अडली की वाढणारं एन्झाइम) २६०, मर्यादा १३०, म्हणजे दुप्पट. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की पावणेदहा. पाच किंवा त्याहून जास्त आलं तर मार पेशींवर, दोन किंवा कमी आलं तर पित्ताच्या वाटेवर, मधलं आलं तर मिश्र. ड्रेसमध्ये तिन्ही प्रकार दिसतात. आईंचा पहिला. पेशींवरचा मार आणि त्यात बिलिरुबिन मर्यादेच्या दुपटीहून जास्त, ही जोडी आम्हाला अस्वस्थ करते. हायमन झिमरमन नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी हे फार पूर्वी हेरलं होतं: औषधाने लिव्हरच्या पेशींना मार बसला आणि सोबत कावीळ झाली तर दहातला सुमारे एक पेशंट दगावतो किंवा त्याला लिव्हर बदलावं लागतं. म्हणजे पहिल्या आठवड्यात आई खरोखरच धोक्याच्या काठावर होत्या. तुम्हाला तेव्हा कुणी हे बोललं नसेल, कदाचित मुद्दामच.

आजचा रिपोर्ट वेगळा आहे. एसजीपीटी ४६०, पण बिलिरुबिन १.१ आणि आयएनआर १.०. म्हणजे माल सांडतोय, दुकान नीट चालू आहे. हा आकडा मला घाबरवत नाही. घाबरवतं ते याच्या उलटं चित्र, आणि तेच घरच्यांना आनंदाचं वाटतं: एसजीपीटी १२००वरून ३००वर उतरलं, पण बिलिरुबिन १२वर गेलं आणि आयएनआर २च्या पुढे. तिथे लिव्हर सुधारत नसतं, सांडायलाच काही उरलेलं नसतं. अशा वेळी आम्ही व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देतो आणि दुसऱ्या दिवशी आयएनआर परत बघतो. सुधारला तर जीवनसत्त्वाची कमतरता होती. नाही सुधारला, तर लिव्हर हात टेकतंय असं समजून प्रत्यारोपणाची सोय असलेल्या ठिकाणी, म्हणजे आपल्या बाजूने पुणे किंवा मुंबई, त्याच दिवशी हलवायचं. घरी तुम्ही काय बघायचं? झोपेचं चक्र उलटं होणं, दिवसा पेंग आणि रात्री टक्क जागं. बोलण्यात असंबद्धपणा. रोजची पोथी वाचताना ओळी चुकणं. हातावर जरा दाबलं तरी काळंनिळं पडणं. थांबत नाही अशी उलटी. यातलं काहीही दिसलं तर सकाळ व्हायची वाट बघू नका.

कुष्ठरोगाचा एक पेशंट मी अजून विसरलेले नाही. मी तेव्हा निवासी डॉक्टर होते. कुष्ठरोगाच्या बहुविध उपचारात मोठ्या माणसाला रोज १०० मिलिग्रॅम डॅप्सोन असतं, आणि काही थोड्या लोकांना साधारण पाचव्या आठवड्यात त्याचं हेच दुखणं होतं, ताप, पुरळ, गाठी, लिव्हर. हा शेतमजूर डोळे पिवळे होऊन आला. डॅप्सोनने तांबड्या पेशी फुटतात आणि त्यानेही डोळे पिवळे होतात, हे पुस्तकात पाठ केलेलं होतं. हिमोग्लोबिन थोडं उतरलेलं होतं, मी खूश. फोलिक ॲसिड लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळले. संध्याकाळी आमच्या मॅडमनी त्याच्या लुंगीकडे बोट दाखवलं. लघवीचे गडद पिवळे डाग. ‘नुसत्या पेशी फुटल्या असत्या तर बिलिरुबिन लघवीत उतरलं नसतं, लिव्हर बघितलंस का?’ एसजीपीटी हजाराच्या वर होतं. डॅप्सोन मी चालूच ठेवलं होतं. तो वाचला, पण पुढचे दहा-बारा दिवस मी त्याच्या बायकोच्या नजरेला नजर देऊ शकले नाही. डॅप्सोनच्या या दुखण्यात दगावण्याचं प्रमाण दहात एकाच्या आसपास आहे. २०१३ साली चिनी संशोधकांनी त्यामागची एचएलए-बी १३:०१ ही खूण शोधून काढली.

क्षयाच्या औषधांबद्दलही दोन शब्द, कारण आपल्याकडे औषधाने लिव्हर बिघडण्यात पहिला नंबर त्यांचा. तिथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. नुसतं लिव्हर बिघडलं असेल तर ते शांत झाल्यावर औषधं एकेक करून परत सुरू करता येतात आणि बहुतेकांचा कोर्स पूर्ण होतो. पण सोबत ताप, पुरळ आणि इओसिनोफिल असतील तर ते ड्रेस, आणि मग एकही गोळी परत देऊन बघण्याचं काम भरती करून, अनुभवी लोकांच्या देखरेखीखालीच. कार्बामाझेपीनच्या बाबतीत तर देऊन बघण्याचा प्रश्नच येत नाही, कारण त्याला पर्याय आहेत.

स्टीव्हन्स-जॉन्सन हे नाव तुम्ही इंटरनेटवर वाचून घाबरला आहात. आईंना ते नाही. त्यात त्वचा दुखते, फोड येतात, साल निघते, तोंड, डोळे आणि लघवीची जागा सोलवटते. साल निघालेला भाग अंगाच्या दहा टक्क्यांपर्यंत असेल तर ते नाव, तीस टक्क्यांच्या पुढे गेला तर टेन, म्हणजे त्याचंच जास्त गंभीर रूप. त्यात लिव्हरचे आकडे बहुतेक वेळा थोडेच वाढतात आणि जीव जातो तो जंतुसंसर्गाने. मात्र त्यात खरी कावीळ झाली तर बचावण्याची शक्यता बरीच घसरते. क्वचित कुणाच्या लिव्हरमधल्या बारीक पित्तनळ्याच नाहीशा होतात आणि त्वचा बरी झाल्यावरही महिनोन्महिने खाज आणि कावीळ मागे राहते. ड्रेसमध्ये कातडी सोलते ती उन्हाने करपल्यावर सोलावी तशी, वरवर. तुम्ही वर्णन केलंय ते तेच.

गावठी औषधाचं. हात चुन्याच्या पाण्यात धुऊन पिवळं पाणी काढून दाखवणं किंवा माळ घालणं, याला माझी हरकत नाही, पोटात काही जात नाही. पोटात जाणाऱ्या कुठल्याही काढ्याला, पुडीला, भुईआवळ्याच्या रसाला आत्ता ठाम नकार द्या. गुळवेलही नको. करोनाच्या काळात मुंबईतल्या लिव्हरतज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये लिव्हर सुजल्याच्या केसेस नोंदवल्या आहेत. मुख्य म्हणजे चिडलेल्या टी-पेशींसमोर आत्ता एकही नवा पदार्थ नको. ड्रेसच्या दिवसांत शरीर नव्या औषधांनाही पटकन ॲलर्जी धरतं. म्हणूनच गरजेशिवाय दिलेलं अँटिबायोटिक मला खटकतं. ‘लिव्हर टॉनिक’ने काही होत नाही, खिशाला भुर्दंड तेवढा. तापाला पॅरासिटामॉल लागलंच तर डॉक्टरांना विचारून, दिवसाला दोन ग्रॅमच्या आत.

उसाचा रस बंद करा. तुम्ही लिहिलंय की आईंना रोज दोन ग्लास देताय. त्या स्टिरॉइडवर आहेत, साखर ३००वर जायला वेळ लागणार नाही. शिवाय गाड्यावरच्या रसातला बर्फ कुठल्या पाण्याचा आहे देव जाणे. हळद बंद केल्याने डोळ्यांचा पिवळेपणा कमी होत नाही, आणि तेल-तूप वर्ज्य करून नुसती पेज देणं तर चुकीचंच. नवी पेशी बांधायला प्रथिनं लागतात. वरण, मुगाची उसळ, ताक, पनीर, चालत असेल तर अंडं, नेहमीचं जेवण. मीठ मात्र बेताने, स्टिरॉइडने अंगावर पाणी धरतं.

लिव्हर कायमचं गेलं का? नाही. बिलिरुबिन आणि आयएनआर इतके छान परतलेत म्हणजे पेशी पुन्हा भरून येताहेत. बहुतेकांचं लिव्हर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत पूर्ण बरं होतं, मागे व्रण राहत नाही. रिपोर्ट वाचताना एक गंमत लक्षात ठेवा. गॅमा-जीटी नावाचा आकडा शेवटपर्यंत रेंगाळेल. कार्बामाझेपीन स्वतःच लिव्हरची एन्झाइमं वाढवतं, त्यामुळे तो आकडा इजा नसतानाही वाढलेला असतो. त्यावरून झोप उडवू नका. स्टिरॉइड उतरत असेपर्यंत आठवड्याला एकदा आणि डोसच्या प्रत्येक मोठ्या टप्प्यानंतर लिव्हरची तपासणी, आयएनआरसकट. आणखी एक गोष्ट, जी डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा नसते: ड्रेसनंतर काही महिन्यांनी थायरॉइड बिघडू शकतं, क्वचित मधुमेहही मागे लागतो. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात आणि वर्षाने.

तुमच्या स्वतःबद्दल. ही प्रवृत्ती काही अंशी घराण्यातून येते, म्हणून तुम्ही आणि तुमच्या भावंडांनी या गटातली औषधं विचारल्याशिवाय घेऊ नयेत. एचएलए तपासणी मिळते. कार्बामाझेपीनच्या ड्रेसशी ए ३१:०१चा संबंध दिसलाय, आणि बी १५:०२चा संबंध स्टीव्हन्स-जॉन्सनशी. पण ती निगेटिव्ह आली म्हणजे अभय मिळालं असं नाही, आणि आईंची करण्यात तर काहीच अर्थ नाही, त्यांच्या शरीराने उत्तर आधीच दिलंय. तुम्हाला कधी फिटसाठी किंवा नसेच्या दुखण्यासाठी औषध लागलंच तर तेव्हा डॉक्टरांना आईंची गोष्ट सांगा.

आईंसाठी एक कार्ड करा, मराठीत आणि इंग्रजीत, लॅमिनेट करून आधार कार्डाच्या पाकिटातच ठेवा. वर गोळीचं मूळ नाव लिहा, कंपनीचं नाही, कारण कंपन्यांची नावं दहा असतात. खाली ऑक्सकार्बाझेपीन, फेनिटोइन, फिनोबार्बिटोन, लॅमोट्रिजीन. त्याखाली गोळी सुरू केल्याची तारीख, ताप आल्याची तारीख आणि ‘ड्रेस, लिव्हर बाधित’ एवढे शब्द. उद्या कुठे चक्कर येऊन पडल्या आणि कॅज्युअल्टीत कुणी फिट समजून फेनिटोइनची बाटली लटकवली, तर तो कागदच बोलेल. आणि ही घटना औषधसुरक्षा कार्यक्रमाकडे नोंदवा. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत तो चालतो, १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री नंबर पेशंटच्या घरच्यांसाठीही आहे.

पुढचा रिपोर्ट आला की एसजीपीटी एकटं पाठवू नका, बिलिरुबिन, आयएनआर आणि त्या दिवशीचा स्टिरॉइडचा डोस सोबत लिहा.